दारूबंदीची चकती

आमच्या जळकोटच्या सहकारी वर्कशॉपवर एकदा दारूची भट्टी काढल्याचा आळ आला होता. आळ घेणारी माझी सख्खी आई होती, आणि दोष द्यायचाच झाला तर तो मराठी भाषेला द्यावा लागेल. पिऊन माणूस गटारात पडतो तीही दारू, आणि तोफेत ठासतात तीही दारू. इतक्या दोन टोकांच्या वस्तूंवर एकच शब्द भागवणारी आपली भाषा काटकसरी म्हणायची की खट्याळ, हे पंडितांनी ठरवावं. त्या एका शब्दापायी आमची संस्था बुडता बुडता राहिली, एवढं मला ठाऊक आहे.

मी टर्नर. लेथवर लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवायचा आणि धारदार हत्यार लावून त्याला हवा तो आकार द्यायचा, हा माझा धंदा. कुंभाराच्या चाकात आणि माझ्या लेथमध्ये फरक इतकाच, की कुंभाराचं चुकलं तर त्याला माती पुन्हा मळता येते. जिल्ह्याच्या गावी आयटीआयला शिकून मी घरी आलो आणि आला तो बहात्तरचा दुष्काळ. हातात कसब होतं, पण त्या कसबाला गिऱ्हाईक नव्हतं. मग सगळ्यांबरोबर मीही सडकेच्या कामावर खडी फोडली आणि सरकारनं वाटलेली पिठाची सुकडी खाल्ली.

त्या खडीच्या ढिगावर बसूनच शिवअप्पांना सहकारी संस्थेची कल्पना सुचली. शिवअप्पा म्हणजे पुढं आमचे चेअरमन झालेले गावातले मोठे शेतकरी. ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. ते म्हणाले, "आता गावोगाव विहिरी पाडायलेत. विहीर आली की मोटार आली, मोटार आली की बिघाड आला. आपुन बिघाडावर जगू." जागेचा प्रश्न आईनं सोडवला. हायवेला लागून तिचा खडकाळ तुकडा होता, त्यात कुसळसुद्धा धड उगवत नसे. "धान देत न्हाय तर निदान सावली तरी दिऊ द्या त्येला," असं म्हणून तिनं तो संस्थेला वापरायला दिला, आणि तिथं आमचं पत्र्याचं शेड उभं राहिलं.

काही वर्षं खरोखरच बिघाडावर बरी गेली. मग ऐंशीनंतर कधीतरी पावसानं लागोपाठ दोन हंगाम पाठ फिरवली. पंप दुरुस्त करणाऱ्याला दुष्काळाचा मार वेगळाच बसतो. विहिरीत पाणी नाही तर मोटार चालणार कशी, आणि चाललीच नाही तर बिघडणार कशी? आम्ही शेडमध्ये बसून माश्या मारत होतो, आणि पाण्याविना माश्यासुद्धा कमी झाल्या होत्या. त्या काळात सास्तूरचा एक म्हातारा बैलगाडीत मोटार घालून इतक्या लांबून आला. मी विचारलं, "बाबा, हिरीत पानी हाय का?" म्हणाला, "ठणठणाट हाय." मग दुरुस्ती कशाला? त्यावर तो माझ्यावरच चिडला. "उद्या पानी आलं अन् मोटार तयार नसली, तर त्या पान्याला काय तोंड दावू म्या?" मी त्याची मोटार अशी नीट केली, की नवी असताना ती तशी चालली नसेल.

बरं पॅकिंगही तालुक्यात मिळेनासं झालं होतं. पंपाच्या दोन भागांची तोंडं जिथं जुळतात तिथं पाणी गळू नये म्हणून मधे रबराचं पॅकिंग घालतात. ते नसेल तर ती तोंडं घासून इतकी सपाट करायची, की मधे केसही जाऊ नये. काचेच्या तावदानावर निळा रंग फासायचा, त्यावर तोंड टेकवून फिरवायचं, जिथं निळं लागेल तेवढाच उंचवटा खरवडायचा, आणि पुन्हा टेकवायचं. सगळीकडं सारखं निळं लागलं की झालं. काम इतकं कंटाळवाणं की करणाऱ्याला झोप यावी. काम नव्हतंच, म्हणून मी ते तासन्‌तास करायचो. आमचे वेल्डर हुसेनभाई म्हणायचे, "शिरपत, तू तो लोखंडाची दाढी करतो रे."

हुसेनभाईंचा चुलतभाऊ पुण्याजवळ भोसरीला कारखान्यात होता. संस्थेच्या मिटिंगला आता एकच विषय असे, भोसरीला आधी कोण जातो. माझीही पत्र्याची पेटी बाहेर काढून ठेवलेली होती. आई गाव सोडणार नव्हती. वडिलांना दारूनं माझ्या लहानपणीच नेलं होतं, भाऊ-बहीण नव्हतं. मी गेलो असतो तर ती त्या घरात भिंतींशी बोलत राहिली असती, आणि एकेक जण गेल्यावर शेडला कुलूप लागलं असतं.

अशात वर्तकबाई आल्या. आल्या म्हणजे हैदराबादला जाताना त्यांची जीप आमच्या दारात गचकली. पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्या शास्त्रज्ञ होत्या. अंगावर सुती साडी, पायात जाड चपला, आणि डाव्या हातावर सदा पदर ओढलेला. ड्रायव्हर आणि हुसेनभाई जीपखाली शिरले, आणि बाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी लोखंडाची दाढी करत होतो.

"हे किती सपाट होतं?" त्यांनी विचारलं.

"पाणी गळत नाही, एवढं होतं."

"आणि हवा?"

मी म्हटलं, हवेचं गिऱ्हाईक अजून आलं नाही. त्या हसल्या, पण प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला असावा. महिन्याभरानं त्या पुन्हा आल्या, या वेळी मुद्दाम, आराखड्यांची गुंडाळी काखेत मारून. त्यांना एक डबा करून हवा होता. हवा बाहेर जाऊ न देणारा, पोलादाचा, जाड. काम सहकारी संस्थेला द्यायचं म्हणून कागद लवकर हलले, असं त्या म्हणाल्या. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. काम आलं, हेच पुष्कळ होतं. माझी पेटी पुन्हा माळ्यावर गेली.

तो डबा कशासाठी होता ते बाईंनी मला जसं सांगितलं तसंच सांगतो. तोफेत किंवा रॉकेटमध्ये जी घट्ट दारू असते तिला पेटायला बाहेरची हवा लागत नाही, जळायचं सगळं सामान तिच्या पोटातच असतं. ती पेटवायची कशी, हा प्रश्न. नेहमीच्या पद्धतीनं पेटवली तर कधी एका कोपऱ्यात आधी पेटते, कधी उशिरा पेटते, थंडीत तर रुसूनच बसते. म्हणून त्यांना ती प्लाझ्मानं पेटवून बघायची होती. शाळेत आपण घन, द्रव आणि वायू शिकतो. वायूलाही तापवत गेलं, की एक वेळ अशी येते की त्याचे कणच फुटतात आणि त्यातून वीज वाहायला लागते. तो प्लाझ्मा. हुसेनभाईंच्या वेल्डिंगच्या काडीपुढं जो डोळे दिपवणारा जाळ दिसतो, तो त्याच जातीचा. एका बारीक नळीत विजेचा जबर झटका द्यायचा, नळीतून प्लाझ्माचा फवारा उडवायचा, आणि तो समोरच्या दारूच्या वडीवर पडला की काय होतं ते जाड काचेच्या खिडकीतून बघायचं.

पण बघणार काय? सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, उरते ती राख. काडेपेटीतली काडी अर्धी जळाल्यावर फुंकून विझवली, तर जाळ कुठपर्यंत पोचला होता ते दिसतं. ही दारू फुंकून विझत नाही. ती विझते एकाच गोष्टीनं. डब्यात कोंडलेला दाब एकदम सोडून दिला, तर तिचा जाळ जागच्या जागी मरतो. म्हणून डब्याच्या एका तोंडाला तांब्याची पातळ चकती बसवायची. दाब ठरल्या आकड्याला पोचला की ती फाटायला हवी. त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. फाटली की दाब बाहेर, आणि अर्धी जळालेली वडी हातात.

डबा सगळ्यांचा होता, पण चकती माझी होती. तांब्याचा पत्रा तापवून नरम करायचा, फुगवून वाटीसारखा करायचा, आणि पाठीवर फुलीसारखे दोन चरे ओढायचे. चरा खोल गेला तर चकती लवकर फाटते, उथळ राहिला तर फाटतच नाही. सगळी गंमत त्या चऱ्याच्या खोलीत आहे, आणि ती हातानंच साधावी लागते. आधी पातळ पत्र्यावर हात बसवला, मग खऱ्या चकत्या करायला घेतल्या. दारूचा कणसुद्धा जळकोटला येणार नव्हता, आम्ही फक्त पाण्याच्या दाबानं चाचणी घ्यायची. तेल चालणार नाही, बाईंनी निक्षून सांगितलं होतं. त्या दारूजवळ तेलाचा ओशट हातही नको.

इथून पुढं मराठी भाषेनं घात केला.

शिवअप्पा हॉटेलात चहा पिताना म्हणाले, "आपल्या संस्थेला सरकारी दारूचं काम लागलंय." ते अभिमानानं म्हणाले आणि मोठ्यानं म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते जळकोटभर झालं, दुसऱ्या दिवशी एसटीनं तुळजापूरला पोचलं. गावात ज्यांना कशाचीच उत्सुकता नसायची अशी माणसं शेडवरून चकरा मारू लागली. आत बघावं तर काय, पोलादाचं भांडं, आणि त्यातून निघालेली वेटोळ्यांची तांब्याची नळी! ती बिचारी दाब मोजणाऱ्या घड्याळाकडं जात होती, धक्क्यानं घड्याळ फुटू नये म्हणून तिला वेटोळी दिलेली. पण भट्टी पाहिलेल्या माणसाला तांब्याच्या वेटोळ्यातून एकच गोष्ट गळताना दिसते. गावचा गुत्तेदार, ज्याच्याकडं दारूदुकानाचा गुत्ता होता तो, एकदा स्वतः आला. फार अदबीनं विचारलं, "सायेब, सरकार सोताच काढायलंय म्हन्ल्यावर आमी काय करावं?" मी त्याला समजावून सांगितलं. तो मान डोलवत गेला, आणि गावात सांगत सुटला की ती पोरं कबूल करायला तयार न्हाईत.

आईच्या कानावर हे आलंच होतं, पण तिनं आधी विश्वास ठेवला नाही. ठेवला तो वासावर. डबा आतून स्पिरिटनं पुसावा लागे, आणि दिवसभर पुसून माझ्या हाताला, सदऱ्याला, केसांनासुद्धा स्पिरिटचा वास येऊ लागला. एका संध्याकाळी मी जेवायला बसलो तर ती ताट हातात धरूनच उभी.

"तोंड उघड."

उघडलं. तिनं वास घेतला, काही सापडलं नाही.

"हात दाव."

हात दाखवला. तिनं ताट खाली ठेवलं आणि चुलीकडं तोंड करून बसली. तो वास तिनं कितीतरी वर्षं एका माणसाच्या अंगाला सोसला होता. दीक्षा घेतली त्या दिवशी बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा तिनं इतक्या मोठ्यानं म्हटली होती, की पुढच्या रांगेतल्या बायका मागं वळून बघायला लागल्या, असं ती स्वतःच सांगे. मी तिला डबा, दाब, प्लाझ्मा सगळं सांगितलं. तिनं त्यातला 'दारू' एवढा एकच शब्द ऐकला.

सकाळी शेडवर गेलो तर दाराला कुलूप. संस्थेचं नव्हतं, आमच्या घराचं होतं. घर सताड उघडं टाकून तिनं ते शेडला आणून लावलं होतं, आणि दारात बसली होती. त्याच दिवशी वर्तकबाई डब्याची चाचणी बघायला येणार होत्या. चाचणी झाली नाही तर काम दुसरीकडं जाणार, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं.

"माय, किल्ली दे," मी म्हटलं.

"भुई माजी हाय. हितं सावली दिली म्या, गुत्ता न्हाय दिला."

शिवअप्पा पुढं झाले. "भागाबाई, ही दारू देशाच्या कामाची हाय."

"देशाचं नाव घिऊन पिनारे बी लई बगितलेत, अप्पा."

हुसेनभाईंनी आपला शेवटचा पत्ता टाकला. "मावशी, मला तर हराम हाय. मी केलं असतं का हे काम?"

"तू साधाभोळा हायस, हुसेन. तुला ह्येंनी फशिवलं."

चेअरमनसकट अख्खी संस्था एका बाईपुढं उन्हात उभी होती. बघ्यांमध्ये गुत्तेदारही होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता बरीच आशा दिसत होती. तेवढ्यात जीप आली. वर्तकबाई उतरल्या, दारातल्या आईला वाकून नमस्कार केला आणि काय झालं ते विचारलं.

आईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमी बाईमानूस असून दारूचं काम करता?"

बाईंना कशाचीच कल्पना नव्हती. त्या कौतुकानं म्हणाल्या, "हो ना आजी. आणि मी एकटी नाही, आमच्याकडे बऱ्याच बायका आहेत. सकाळी दारू घेऊन जे बसतो ते संध्याकाळपर्यंत. पहिल्यांदा डोकं धरतं, मग सवय होते."

जमलेल्या गर्दीतून एक मोठा उसासा बाहेर पडला. शिवअप्पांनी कपाळाला हात लावला. मी घाईघाईनं मधे पडलो, "माय, ही पियाची न्हवं! ही जाळायची दारू. त्या डब्यात घालून जाळायची."

"जाळायची?"

"व्हय. जाळूनच टाकायची."

आईचा चेहरा बदलला. "मंग आदी का न्हाय सांगितलं, मुडद्या? जाळा की! समदी जाळा. ह्या गुत्तेदाराची बी आना म्हनावं, ती बी जाळा." गुत्तेदार दोन पावलं मागं सरकला. लोक हसायला लागले, शिवअप्पांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

आईनं किल्ली दिली नाही. ती विचार करत होती. "पर अप्पा, तुमी देशाचं काम म्हन्लाव. दारू जाळून देशाचं काय काम?"

"तोफंत जाळायची, भागाबाई. गोळा लांब जातो."

"कुनावर?"

हसू थांबलं. आमच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं. मादक पदार्थ वर्ज्य करणारं शील पाचवं. पहिलं शील जीव न घेण्याचं. आई म्हणाली, "पाचवं शील राखाया तुमी पैलं मोडाया निगालाव व्हय?" शिवअप्पा सरहद्दीवर बोलायला सुरुवात करणार होते, वर्तकबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. पंपाचं एक रिकामं खोकं ओढून त्या आईसमोर बसल्या.

"आजी, मी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "ही तोफेला लागते. ढगांच्या वर जाऊन हवा मोजणारे बाण असतात, त्यांनाही हीच लागते. पुढं ती कशात जाईल हे माझ्या हातात नाही. ती पेटते कशी आणि थांबते कशी, एवढंच बघणं माझ्या हातात आहे. ते नीट कळलं नाही, की ती नको तेव्हा पेटते." आणि त्यांनी डाव्या हातावरचा पदर बाजूला केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसून चकाकत होती. मी इतके दिवस तो पदर पाहत होतो आणि विचारायचं धाडस केलं नव्हतं.

आईनं तो हात आपल्या हातात घेतला. बोटांनी चाचपला. मग विचारलं, "मधीच थांबिवता येतो का ह्यो जाळ?"

"येतो. तोच भाग तुमचा मुलगा करतोय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून चकती काढून तिच्या तळहातावर ठेवली. दाब वाढला की ही फाटते, ही फाटली की जाळ मरतो, एवढंच सांगितलं. आयुष्यात मी माझा धंदा इतक्या कमी शब्दांत कधी सांगितला नव्हता.

"म्हंजी आग लावायचं काम ह्या बाईचं, अन् इजवायचं तुजं?"

"व्हय, माय."

तिनं कनवटीची किल्ली काढली. "इजवायचं नीट कर," असं म्हणून स्वतःच कुलूप उघडलं.

नीट करणं सोपं नव्हतं. आम्ही डबा बांधला, पाणी भरलं, हातपंपानं दाब द्यायला लागलो. घड्याळाचा काटा चढू लागला. डबा कुठं गळत नव्हता, घासलेली तोंडं घट्ट बसली होती. आणि काटा खुणेपासून बराच अलीकडं असतानाच फट् आवाज झाला. चरा खोल गेला होता. डब्यातलं पाणी जमिनीवर पसरलं आणि तहानलेल्या मातीनं आमच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. बघ्यांना चकतीचं काही वाटलं नाही, पाण्याचं वाटलं. उरलेल्या पाण्यावर दुसरी चकती लावली. पहिलीनं हात पोळलेला, म्हणून हिचा चरा मी जरा उथळच ओढला. काटा खूण ओलांडून पुढं गेला, बाईंनी थांबा म्हटलं. ती फाटलीच नाही, आणि दाब सोडून ती काढताना तेही पाणी गेलं.

तिसऱ्या चकतीला पाणी नव्हतं. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता, बाईंना संध्याकाळी निघायचं होतं. मी एका कोपऱ्यात उकिडवा बसून श्वास रोखून चरा ओढत होतो. मला भोसरी दिसायला लागली होती.

मान वर केली तर आई दारातून आत येत होती, डोक्यावर हंडा. घरातलं त्या दिवसाचं सगळं पाणी होतं ते. प्यायचं, रांधायचं, सगळं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "गप. आग इजवायला पानी लागतंच." तिनं हंडा स्वतःच्या हातानं ओतला. आणि चकतीच्या तोंडाखाली एक घमेलं ठेवलं, जे आम्हा शिकलेल्या कारागिरांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

काटा चढला. खुणेपाशी आला. शेडमध्ये फक्त हातपंपाचा करकर आवाज होता. काटा खुणेला टेकला, आणि चकती उघडली. फाटली असं म्हणवत नाही, उघडलीच ती. तांब्याच्या चार पाकळ्या बाहेर वळल्या आणि पाणी घमेल्यात धो धो कोसळलं. हुसेनभाईंनी मला उचललं. वर्तकबाई टाळ्या वाजवत होत्या. शिवअप्पांचे डोळे भरले होते, त्यामुळे निदान त्यांचं भाषण तरी टळलं. आई मात्र घमेल्यातलं पाणी पदरानं गाळून हंड्यात परत भरत होती. ते प्यायचं नव्हतं, पण भांडी घासायला चाललं असतं.

डबा पुण्याला गेला. नंतर एकदा बाईंनी मला प्रयोग बघायला बोलावलं. खिडकीत क्षणभर पांढरा उजेड लखलखला, एवढंच दिसलं. पण डबा उघडला तेव्हा वडी अर्धीच जळालेली होती, आणि तिच्या अंगावर जाळ थबकला ती जागा बोटानं दाखवता येत होती. बाईंनी ती भिंगाखाली धरून मला पहिल्यांदा बघू दिली. त्या चकत्यांतली दर प्रयोगाला एक फाटायची, त्यामुळं दर प्रयोगाला एक लागायची. शिवअप्पांचा बिघाडावर जगण्याचा सिद्धांत असा अनपेक्षित खरा ठरला. पुढं पाऊस आला, मोटारी आल्या, पण चकत्यांचं काम सुटलं नाही. भोसरीला कुणी गेलं नाही. हुसेनभाई खोक्यांवर खडूनं 'दारूबंदी, लहान' आणि 'दारूबंदी, मोठी' असं लिहायचे. ते नाव पुण्यालाही पोचलं. शास्त्रज्ञ मंडळी एकमेकांत "दारूबंदी संपली, जळकोटला कळवा" असं म्हणायची, असं बाईंनी हसत हसत सांगितलं.

एक सल मात्र राहिला. माझी चकती कशाकशाच्या अभ्यासाला लागली आणि त्या अभ्यासातून शेवटी काय निघालं, हे मला कधी कळलं नाही, विचारण्याची सोयही नव्हती. वर्तमानपत्रात तोफेचा फोटो आला की आई तो माझ्यापुढं धरायची. "ह्यात हाय का?" मी म्हणायचो, ठाऊक न्हाय, माय. त्या उत्तरानं तिचं समाधान होत नसे, माझंही झालं नाही.

पहिल्या खऱ्या प्रयोगात उघडलेली चकती वर्तकबाईंनी आईसाठी आठवणीनं आणून दिली होती. काळी पडलेली होती. आईनं ती चिंचेनं घासून लख्ख केली आणि घरातल्या बुद्धमूर्तीपुढं ठेवली. त्या वर्षी गावात फूल असं कुठं दिसतच नव्हतं. "औंदा ह्येच फूल," ती म्हणाली. पुढं फुलं आली तेव्हाही चकती हलली नाही. ती ताजी फुलं आणून त्या चार पाकळ्यांच्या मधे ठेवायची.

चकत्यांचं खोकं पुण्याला निघालं की आई शेडच्या दारात येऊन उभी राहायची आणि जाळ थांबतोय ना, हे दर वेळी विचारायची. शेवटच्या आजारपणात ती माणसं ओळखेनाशी झाली होती. मी कामावरून येऊन जवळ बसलो, तर माझा हात नाकाशी नेऊन तिनं वास घेतला. स्पिरिटचा होता. तिनं हात सोडला नाही.

"थांबतोय नव्हं जाळ?"

"थांबतोय, माय."

"मंग चालू दे," ती म्हणाली, आणि माझा हात तसाच धरून झोपी गेली.